डॉक्टरांच्या टेबलावरची कंबर

आधीच सांगून ठेवते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या खुब्यात बसवलेला पोलादी गोळा इथल्या इथे निखळून पडो आणि घरंगळत थेट फ्योर्डाच्या खाडीत जावो. प्रार्थनाघराच्या पायरीवर उभं करून शपथ घ्यायला लावलीत तरी घेईन, भर थंडीत, टोपी न घालता. लोक म्हणतात, बोरगिल्ड फुगवून सांगते. लोकांचं काय, त्यांच्या घरात काही घडतच नाही, त्याला मी काय करू?

तर, माझी भाची ओशिल्ड. बहिणीची मुलगी. मासळीच्या कारखान्यात कामाला होती. ओल्या सिमेंटच्या फरशीवर रबरी बूट घालून दिवसभर उभं राहायचं आणि कॉड सोलायचा. नवरा उत्तरेला बोटीवर. कॉड संपला की घरी येतो म्हणून गेला होता, आणि कॉड काही संपत नव्हता. आमच्या गावात नवरे असेच असतात. पोटात मूल ठेवतात आणि समुद्रावर जातात, आणि परत येऊन विचारतात, काय गं, कसं चाललंय?

सातव्या महिन्यात ओशिल्डची कंबर सुटली.

आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोटुशी बाईची कंबर कधीकधी सुटते. समोर मधोमध, जिथे दोन्ही बाजूंची हाडं एकमेकांना भेटतात, तिथे सुरी फिरवल्यासारखं होतं. मागे कण्याच्या खाली दोन खळ्या पडतात ना, तिथे दुखतं. बाई बदकासारखी चालते. पायजमा घालताना एका पायावर उभं राहायची सोय नसते. ओशिल्ड तर जिना उलटी बसून उतरायची, एकेका पायरीवर टेकत, तान्ह्या पोरासारखी. आणि कुशीवर वळली की समोरच्या हाडातून आवाज यायचा, कट्. मी शेजारच्या खोलीत झोपायचे, मला ऐकू यायचा. आता तुम्ही म्हणाल, भिंतीतून कसा ऐकू येईल? आमच्या भिंती पातळ आहेत आणि माझे कान जाड नाहीत.

तिने फोरमनला विचारलं, एक स्टूल मिळेल का?

फोरमन म्हणाला, "डॉक्टरची चिठ्ठी आण आणि बस की खुशाल. चिठ्ठीशिवाय बसलीस तर उद्या सगळ्या बसतील. मग मासे कोण सोलणार, मासेच का?"

म्हणजे एवढंच हवं होतं पोरीला. बाळंत होईपर्यंत बुडाखाली एक स्टूल. राजवाडा नाही, मोटार नाही. स्टूल.

मी तिला माझ्या बर्फगाडीवर बसवलं. पुढे लाकडी खुर्ची, खाली लोखंडी पट्ट्या, मागे उभं राहून एका पायाने ढकलायचं. खुर्चीवर एरवी मी बटाटे ठेवते. त्या दिवशी भाची ठेवली आणि ढकलत दवाखान्यात नेली.

तेव्हा आमच्याकडे नवे डॉक्टर आले होते, लिंडेमान म्हणून. राजधानीतून आलेले, उंच, सडसडीत, आणि नाक कायम उन्हाने सोललेलं, कारण रविवार आला की माणूस स्की घालून डोंगरात. अशा डॉक्टरांकडे गेलात की औषध एकच. फिरायला जा. सर्दी झाली, फिरायला जा. नवरा मेला, फिरायला जा. पाय मोडला, जरा सावकाश फिरायला जा.

त्यांच्या टेबलावर एक कंबर होती. खरी, माणसाची, हाडांची. आधीच्या डॉक्टरांनी मागे ठेवलेली. लिंडेमानसाहेबांनी तिच्या एका बाजूच्या पंखासारख्या पसरट हाडात सफरचंद ठेवलं होतं आणि मधल्या पोकळीत पाइप.

ओशिल्डने सगळं सांगितलं. डॉक्टर गालातल्या गालात हसले. पाइप बाहेर काढला, सफरचंद माझ्या हातात दिलं आणि कंबर उचलली.

"हे बघा, बाई. ही डावी-उजवीकडची दोन मोठी हाडं. जन्मतः प्रत्येकाचे तीन तुकडे असतात, वयात येता येता ते एकजीव होतात. मागे ही त्रिकास्थी, दोन्हींच्या मध्ये पाचरीसारखी ठोकलेली. तिच्या टोकाला माकडहाड. मागे दोन सांधे, समोर एक. झालं एक कडं तयार. या कड्यावर तुमचं सगळं वरचं वजन तोललेलं असतं. आणि अख्ख्या शरीरातले सगळ्यात बळकट बंध कुठे असतात, माहीत आहे? इथे, मागच्या सांध्यात. आता बघा."

त्यांनी दोन्ही पंख धरले आणि ओढले. दात आवळून ओढले. मानेच्या शिरा फुगल्या, सोललेलं नाक लालबुंद झालं.

"हललं?"

"नाही," ओशिल्ड म्हणाली.

"मग!"

मी म्हटलं, "डॉक्टर, ही बाई मेलेली आहे."

"कोण?"

"जिची ही कंबर आहे ती."

"त्याचा काय संबंध?"

मी सफरचंद खाऊन टाकलं.

"शिवाय," ते म्हणाले, "तुमची कंबर खरोखर सुटली असती तर तुम्ही इथवर आलाच नसतात."

"मला मावशीने ढकलत आणलं," ओशिल्ड म्हणाली.

"हेच ते! सवय बिघडते. गर्भारपण म्हणजे आजार नव्हे. रोज थोडं स्कीइंग करा, कॉडच्या लिव्हरचं तेल घ्या, मोकळी हवा घ्या. उभं राहणं उत्तमच. बसून राहिलात तर मात्र बंध खरंच ढिले पडतील."

ओशिल्ड तपासायच्या टेबलावरून उतरायला लागली. एक पाय खाली, दुसरा वर, आणि आला आवाज. कट्. स्वच्छ, घड्याळाच्या किल्लीसारखा. डॉक्टरांनी चमकून वळून बघितलं. मला वाटलं, आता कळलं.

"या टेबलाचा पाय एकदा बघायला हवा," ते म्हणाले.

चिठ्ठी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा सिमेंटवर उभी.

आता आमच्या विणकाम मंडळाकडे येते. गुरुवारी आम्ही बायका जमतो आणि परदेशातल्या गरिबांसाठी लोकरीचे मोजे विणतो. ते गरीब भयंकर उकाड्याच्या देशात राहतात. मोज्यांचं ते काय करतात, हे आजवर कुणी विचारलेलं नाही आणि मीही विचारणार नाही, माझी वीण छान बसते. मंडळाची अध्यक्ष गुनवोर. आवाज असा की ती अंगणात कुणाला हाक मारायला लागली की फ्योर्डापलीकडची माणसं उठून उभी राहायची. तिची वीण मात्र सैल, तिच्या मोज्यात दोन पाय एकदम मावायचे. तिच्या समोर येन्सीना बसायची. हिची वीण इतकी घट्ट की नवऱ्याचे मोजे रात्री काढून ठेवले की पलंगाशेजारी आपले आपण उभे राहायचे. दोघींचं लग्नाआधीपासून भांडण होतं, विणीवरून. निदान सांगताना तरी विणीवरून.

मी दवाखान्यातली हकिकत सांगितली. सुया थांबल्या.

"हलत नाही म्हणाला?" गुनवोरने विचारलं. "माझी तिन्ही वेळेला सुटली होती. तिसऱ्या वेळेला मी गोठ्यात रांगत जाऊन धारा काढायचे. गाय लाजायची."

"तुझी सुटणारच," येन्सीना म्हणाली. "तुझं सगळंच सैल."

"आणि तुझी सुटली नाही म्हणून तुझी पोरं अशी चेपलेली निघाली."

मी मध्ये पडले, नाहीतर ओशिल्डचं स्टूल राहिलं असतं बाजूला. शेवटी ठरलं की डॉक्टरांना भाषणाला बोलवायचं. नव्या डॉक्टरने मंडळापुढे एकदा बोलायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. आधीचे डॉक्टर पोटातल्या पट्टकृमीवर बोलले होते, आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच त्या दिवशी वॅफल उरले होते. लिंडेमानसाहेबांना विषय दिला, बायकांची कंबर. आणि येताना ती टेबलावरची घेऊन या, आम्ही अडाणी, आम्हाला हातात घेतल्याशिवाय कळत नाही. असं गुनवोरने अगदी गोड आवाजात सांगितलं. तिचा आवाज गोड झाला की आम्ही घरच्या मांजरांनासुद्धा आत घेतो.

रविवारी दुपारी प्रार्थनाघर गच्च भरलं. पुढे बक्षिसांचं टेबल मांडलेलं. लॉटरीला क्रीमचा केक होता, मेंढीचा खारवलेला पाय होता आणि नेहमीप्रमाणे गुनवोरचा एक स्वेटर होता, जो दरवर्षी कुणाला तरी लागतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा टेबलावर येतो. मागे स्वयंपाकघराच्या खिडकीत वॅफलचे दोन साचे तापलेले. वॅफल करायचा नंबर ओशिल्डचा होता. गरमागरम बदामाकृती वॅफल निघत होते, त्यावर जाम, त्यावर तपकिरी चीज. सगळ्या म्हणत होत्या, हिच्या हाताला काय चव आहे!

पुरुष एकच, तोरमोद. टेबलं उचलायला आणि शेगडीत लाकडं घालायला तो लागतो. तोरमोद बोटी बांधायचा. बोटी नसल्या की इतर काहीबाही बांधायचा, पण हात बोटीचाच. वादळात शाळेचं छप्पर उडून गेलं होतं ना, तेव्हा छपराला लावलेलं तोरमोदच्या हातचं चिमण्यांचं खोपटं मात्र होतं तिथेच होतं. कशाला टेकून होतं ते विचारू नका. होतं.

डॉक्टर कंबर काखेत मारून आले. भाषण चांगलं झालं, उगाच का खोटं बोला. माणूस आपल्या विषयावर बोलायला लागला की बरा दिसतो. पुरुषाची कंबर उंच आणि निमुळती, बाईची रुंद आणि पसरट. समोरच्या सांध्याखालची कमान पुरुषात अशी, दोन बोटं फाकवल्यासारखी. बाईची अशी, अंगठा आणि तर्जनी ताणल्यासारखी. झालं! सगळ्या मंडळाने सुया खाली ठेवून बोटं ताणली.

"म्हणजे माझी नणंद पुरुष आहे," येन्सीना म्हणाली. "मला शंका होतीच."

"आता मुद्द्याचं," डॉक्टर म्हणाले. "गावोगावी एक समजूत आहे की ही कंबर सुटते. तर आपण प्रयोगच करू. ही हातोहात फिरू द्या. ओढा. वाटेल तेवढी ओढा."

कंबर रांगेतून फिरली. प्रत्येकीने ओढली. आमच्या बायका म्हणजे काही लेच्यापेच्या नाहीत, बर्फात अडकलेली गाय शेपटीला धरून बाहेर काढतात. पण कंबर तसूभर हलेना. डॉक्टर हात पाठीमागे बांधून हसत उभे. गुनवोरने तर एक पंख बुटाखाली दाबला आणि दुसरा दोन्ही हातांनी ओढला. काही नाही. मी मनात म्हटलं, गेलं पोरीचं स्टूल.

तेवढ्यात मागून तोरमोद बोलला. हातात कॉफीची किटली, चेहऱ्यावर असा अभिमान, जणू मुलीचं लग्न आहे.

"हलणारच नाही! मी जोडलीय ती."

डॉक्टरांचं हसू जिथल्या तिथे राहिलं. "तुम्ही? कधी?"

"जुन्या डॉक्टरांनी आणून दिली होती, पोत्यात घालून. तीन तुकडे होते. तारा गंजून गेलेल्या. म्हणाले, तोरमोद, जरा नीट जोड. मी नीट जोडली. मागच्या दोन्ही सांध्यांत आरपार पितळी स्क्रू, बोटीच्या कण्याला घालतो तसले. आणि सगळीकडे बोटीचा डिंक. खाऱ्या पाण्यात ठेवा वर्षभर, सुटली तर नाव बदलीन."

"अहो, पण समोरच्या सांध्यात कूर्चेची चकती असते! ती दाखवायला चामड्याचा तुकडा असेल ना तिथे?"

"होता एक, कुजका. टाकून दिला. फट कशाला ठेवायची, डॉक्टर? फटीतून पाणी शिरतं."

स्वयंपाकघरात वॅफलचं पीठ साच्यावर चरचरलं.

मी मोठ्याने म्हटलं, "म्हणजे ओशिल्डची कंबर सुटत नाही, कारण तोरमोदचा डिंक चांगला आहे."

हशा झाला. पण डॉक्टर म्हणजे डॉक्टर. त्यांनी घसा साफ केला. "मान्य, हा नमुना सदोष आहे. पण म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. खरे बंध स्क्रूंइतकेच मजबूत असतात."

"मग स्क्रू काढून खरे बंध घाला," गुनवोर म्हणाली. "बघू या."

"खरे बंध कुठून आणायचे?"

गुनवोरने सगळ्या खोलीभर नजर फिरवली. मांडीमांडीवर लोकर.

तोरमोद म्हणाला स्क्रू निघणार नाहीत, कापावं लागेल. डॉक्टर म्हणाले, ही सरकारी मालमत्ता आहे. गुनवोर म्हणाली, मेंढीचा पाय कापायची करवत आहे इथे, धुतलेली आहे. डॉक्टर लाल झाले, पांढरे झाले, आणि शेवटी म्हणाले, "कापा. एकदाची खात्री पटू दे तुमची."

तोरमोदने कंबर बक्षिसांच्या टेबलावर आडवी घातली आणि मागचे दोन्ही सांधे, पुढचा एक, असे तिन्ही ठिकाणी कापले. हाडाचा भुगा क्रीमच्या केकवर पडला. पुढे तो केक येन्सीनाला लागला आणि तिने सगळा खाल्ला, वर म्हणाली, बदाम भरपूर होते.

मग जे सुरू झालं, ते या डोळ्यांनी बघितलंय. डॉक्टरांनी कोट काढला आणि बाह्या वर केल्या. हाडं हातात धरून ते सांगायला लागले, इथून इथवर पट्टा हवा, एवढा रुंद. मागच्या सांध्यामागे सगळ्यात जाड, आखूड, खोल शिरलेला बंध. तो मी विणला, दुहेरी लोकरीचा. त्रिकास्थीच्या कडेपासून खाली बैठकीच्या हाडापर्यंत एक लांब तिरपा पट्टा. त्याच्या आतून दुसरा आखूड, हाडावर एक काटा असतो तिथवर. दोन्ही एकमेकांना ओलांडून जातात आणि मागच्या मोठ्या खाचेच्या दोन खिडक्या करतात. वर शेवटच्या मणक्यापासून पंखापर्यंत आणखी एक. मणका काही आमच्याकडे नव्हता, तर मोजे रफू करायचं लाकडी अंडं बसवलं. समोरच्या सांध्याला उकळत्या पाण्यात आटून घट्ट झालेला एक हातमोजा कापून चकती केली. तोरमोद पट्टे ठोकायला वीतभर लांब खिळे घेऊन आला. त्याला परत पाठवून चांभाराकडच्या बारीक चुका आणायला लावल्या. तो तोंड पाडून गेला, म्हणाला, हे टिकणार नाही.

डावी बाजू येन्सीनाने विणली, उजवी गुनवोरने. हे कुणी ठरवलं नव्हतं, त्या दोघी नेहमीच समोरासमोर बसतात. आणि सगळं काम पुढचा वॅफल निवायच्या आत झालं. विश्वास ठेवा नाहीतर राहू द्या.

डॉक्टरांनी नवी कंबर हातात घेतली आणि हलक्या हाताने ओढली. किंचित हलली. केसभर.

"बघा!" त्यांचा चेहरा उजळला. "अगदी पुस्तकात म्हटलंय तेवढीच! केसभर. एवढ्याने कुणाचं काही सुटत नाही."

मी वाकून बघितलं. खरंच केसभरच हलत होती.

"पोटुशी असताना?" गुनवोरने विचारलं.

"तेव्हा बंध काहीसे नरम पडतात. शरीर स्वतःच तसा रस सोडतं, बाळाला वाट मिळावी म्हणून."

"काहीसे म्हणजे किती?"

"पुस्तकात काहीसे असंच लिहिलंय."

"आणि त्याच्यापुढे?"

"त्याच्यापुढे हाताच्या कोपराचा धडा सुरू होतो."

गुनवोर उठली. तिने त्यांच्या हातातून कंबर घेतली, स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायच्या कोमट पाण्यात बुडवली. आम्ही सगळ्या ओळखून होतो, ती काय करतेय. ओला स्वेटर दोरीवर उभा टांगला तर वाळेपर्यंत गुडघ्याखाली येतो, हे आमच्या पोरींना चालण्याआधी कळतं. डॉक्टरांना कुठून कळणार, त्यांचे स्वेटर त्यांची आई धुवायची.

टपटप पाणी गळत असलेली कंबर तिने टेबलावर बैठकीच्या हाडांवर टेकवून उभी केली. तोरमोदला बाजूने आधार द्यायला लावला. आणि वरून, जिथे कणा येऊन टेकतो तिथे, बक्षिसातला मेंढीचा पाय ठेवला.

आधी काही झालं नाही. मग उजव्या बाजूची लोकर, गुनवोरची, हळूहळू लांबायला लागली. डावी, येन्सीनाची, हटून बसलेली. मधली पाचर खाली सरकली, पुढे झुकली. सगळं कडं पिळवटलं. समोरची हातमोज्याची चकती ताणली, ताणली, आणि तिच्या दोन बाजूंची हाडं एक वर, एक खाली अशी घसरली.

कट्.

डॉक्टरांची नजर आधी कंबरेवर गेली आणि मग माझ्यावर.

"हा आवाज..."

"टेबलाचा पाय, डॉक्टर?" मी विचारलं.

त्यांनी मेंढीचा पाय उचलला, पुन्हा ठेवला. कट्. पुन्हा उचलला. कट्. माणसाच्या डोळ्यांत असं तेज आलं, जणू नवा खंड सापडलाय. "विलक्षण! मागे सैल झालं की पुढे कात्रीसारखं सरकतं! पुढे ताणलं की मागे पीळ पडतो! आणि एका पायावर भार दिला तर..." त्यांनी मेंढीचा पाय एका बाजूला सरकवला. कट्!

मग काय विचारता. सगळं मंडळ टेबलाभोवती. येन्सीना म्हणाली, उजवीकडून बिघडतंय, वीण बघा ती. गुनवोर म्हणाली, तुझ्या डावीने जरा द्यायला नको का? तोरमोद म्हणाला, नुसता एक स्क्रू घालू द्या. डॉक्टर म्हणाले, थांबा, थांबा, हा पट्टा थोडा वर ठोकून बघू. कुणी म्हणालं बाळाचं डोकं म्हणून कोबी ठेवा, आणि कोबी आला. ओशिल्डच्या कंबरेचा इतका बारकाईने विचार तिच्या नवऱ्यानेसुद्धा कधी केला नव्हता.

"वॅफल!" गुनवोर मान न वळवता ओरडली. "इकडे वॅफल येऊ द्या गं!"

"पीठ संपलं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"मग कालव आणखी!"

पळीचा आवाज झाला, ठेवल्याचा नाही, टाकल्याचा. ओशिल्ड दारात आली, दोन्ही हातांनी चौकट धरून. चेहरा पिठासारखा पांढरा, ओठ आवळलेले, केस कपाळाला चिकटलेले.

"गुनवोरकाकू," ती म्हणाली, "ती लोकरीची कंबर सगळ्यांनी बघितली ना नीट? बरं झालं. आता जेवणानंतरपासून मी ज्या कंबरेवर उभी आहे तिला कुणी एक खुर्ची देईल का?"

कुणीच हललं नाही. कारण खोलीत एकही रिकामी खुर्ची नव्हती. एकेका खुर्चीवर एकेक बाई होती, किंवा तिची लोकर होती, आणि सगळ्या जणी तिच्या कंबरेसाठीच जमल्या होत्या. मी स्वतः दोन खुर्च्या अडवून होते, एक मला आणि एक माझ्या पर्सला.

सगळ्यात आधी हलले ते डॉक्टर. भाषणकर्त्याची म्हणून त्यांना दिलेली मोठी खुर्ची होती, हातांची, गादीची. तिच्यावरचा कोट त्यांनी जमिनीवर टाकला, खुर्ची उचलून दारापाशी नेली आणि तिच्या मागे लावली. ती बसताना त्यांनी तिला दोन्ही कोपरांना धरलं, सावकाश, जणू तीसुद्धा चांभाराच्या चुकांनी ठोकलेली आहे. कट् झालंच. या वेळी त्यांनी टेबलाकडे बघितलं नाही.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून पेन काढलं, लॉटरीच्या एका कोऱ्या तिकिटाच्या मागे लिहिलं की या बाईने बाळंत होईपर्यंत बसूनच काम करायचं, आणि सही केली. ओशिल्डने ते तिकीट ब्लाउजच्या आत ठेवलं. तोरमोद गेला आणि सगळ्यांच्या देखत स्वतःच्या हाताने पीठ कालवायला लागला. त्याचे वॅफल बोटीच्या फळीसारखे झाले. ओशिल्डने दोन खाल्ले.

सोमवारी ती फोरमनसमोर उंच स्टुलावर बसली. शुक्रवारपर्यंत आणखी दोघी तिकिटं घेऊन आल्या, आणि त्यांतली एक तर पोटुशीही नव्हती, पण डॉक्टर तेव्हा जरा जोरात होते. लोकरीची कंबर त्यांच्या टेबलावर राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती ओली करून दाखवायचे. राजधानीत जाऊन भाषण करून आले, मी एक प्रयोग केला म्हणून. मी! एक टाका घातला नव्हता बाबाने. ओशिल्डला मुलगी झाली, धडधाकट, आणि नवरा कॉड संपवून घरी आला तेव्हा विचारता झाला, काय गं, कसं चाललंय? तिने मुलगी त्याच्या हातात दिली आणि बसून घेतलं.

तर असं. स्क्रू खरे, डिंक खरा, केकवरचा भुगा खरा, कोबीसुद्धा खरा. एकच गोष्ट मी माझ्या पदरची घातली. डॉक्टर 'माझं चुकलं' म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "खिडकी उघडा जरा, फार गरम होतंय इथे." पण आमच्याकडे पुरुषाच्या तोंडी त्याचा अर्थ तोच धरतात.